८४/५० : गरोदर बाईचं बीपी ‘लो’ दिसतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात तुम्ही सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून नव्याने रुजू झाला आहात. एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी २४ वर्षांची एक बाई आली. दुसरं गरोदरपण, २१ आठवडे. डिजिटल मशीनवर बीपी ८४/५०, नाडी ९२. नवव्या आठवड्यात नाव नोंदवलं तेव्हा ९६/६० होतं. वजन ४३ किलो, दंडाचा घेर २१ सेंटिमीटर, एचबी (हिमोग्लोबिन) १०.२. उठताना गरगरतं, आणि परवा हापशावर पाणी भरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाई म्हणतात सलाईन लावा. फोनवर विचारलं तर डॉक्टर म्हणाले रेफर करा. शेजारच्या एएनएम (उपकेंद्राच्या परिचारिका) ताई म्हणाल्या, ह्या दिवसांत असंच असतं, काही होत नाही. आणि तुमचा प्रश्न : किती खाली गेलं की घाबरायचं?

आधी एक अडचण सांगून टाकतो. वरच्या बाजूला आपल्याकडे १४०/९० अशी पक्की रेघ आहे. तशी खालच्या बाजूला नाही. ९०/६० ही रेघ पुस्तकात सापडते, पण ती गरोदर बाई डोळ्यांपुढे ठेवून आखलेली नाही. ती लावायची म्हटली तर पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या, बारीक अंगाच्या कितीतरी बाया रोज रेफर कराव्या लागतील, आणि जिची खरंच गाडी बोलवायला हवी ती ९८/७० म्हणून घरी जाईल. हे दुसरं जास्त वाईट. त्यामुळे आकडा समोर आला की मी स्वतःला वेगळं विचारतो : हा हिचा नेहमीचा उतार आहे, की हिच्या अंगातून काही जातंय? रक्त, पाणी, किंवा हृदयाची ताकद. मी तिला पाहिलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं तुम्ही तिच्याजवळ बसून पडताळल्यावरच खरं ठरेल.

उतार नेहमीचा कसा, ते आधी. दिवस राहिल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच रक्तवाहिन्या सैल पडायला लागतात. प्रोजेस्टेरॉन आणि रिलॅक्सिन ही संप्रेरकं, वाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारं नायट्रिक ऑक्साइड, सगळ्यांचा हात त्यात असतो. पुढे वारेकडे (प्लासेंटाकडे) जाणारा रस्ता उघडतो, तिथे रक्ताला अडवणारं फारसं काही नसतं. विहिरीच्या पाटाला चार दारं जास्त फोडली की पाण्याचा जोर कमी दिसतो, पण रान जास्त भिजतं. इथे तेच होतं. हृदय मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त फेकत असतं, नाडी १० ते २० ठोक्यांनी वाढलेली असते, रक्तातला पाण्याचा भाग शेवटी शेवटी ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, आणि एवढं असून दाब मात्र उतरतो. वरचा आकडा साधारण ५ ते १०, खालचा १० ते १५. तळ गाठला जातो १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, आणि मग हळूहळू चढत नवव्या महिन्यात मूळच्या जागी येतो.

तुमची पेशंट २१ आठवड्यांची आहे, म्हणजे नेमकी तळाशी. नोंदणीचं ९६/६० हेसुद्धा तिचं कोरं बीपी नव्हतं, तोवर उतरायला सुरुवात झालेली होती. तिथून १२ आणि १० ने खाली येणं हे मला दचकवत नाही. तिचा आधीचा आकडा १२४/८० असता आणि आज ८४/५० आला असता, तर मी खुर्चीतून उठलो असतो. म्हणून कार्डावरची मागची ओळ वाचल्याशिवाय आजच्या आकड्याला नाव देऊ नका. मागची ओळच नसेल, बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा येत असेल, तर पहिल्या गरोदरपणाचं कार्ड मागा. बऱ्याच घरांत ते आधारकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं.

आता मोजमाप. तुमच्या बाबतीत मला इथेच जास्त शंका आहे. दंडाचा घेर २१ सेंटिमीटर, आणि डिजिटल मशीनबरोबर येणारा नेहमीचा कफ बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. कफवरच छापलेलं असतं, एकदा उलटून वाचा. लहान कफ जाड दंडाला लावला की बीपी खोटं वाढतं हे सगळ्यांना पाठ असतं. उलट बाजू कुणी फारशी शिकवत नाही : मोठा कफ बारीक दंडाला लावला की आकडा खोटा खाली येतो. आपल्याकडच्या खेड्यांत ही उलट बाजूच जास्त भेटते. ८४ मधले काही अंक तिचे नसून कफचे असू शकतात. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) लहान कफ असेल तर मागवून घ्या. नसेल तर निदान तोच कफ, तोच हात, तीच खुर्ची प्रत्येक वेळी ठेवा, म्हणजे चूक असली तरी एकसारखी राहील आणि उतार-चढ कळेल.

दुसरी गोष्ट हाताची उंची. कफ हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर वर असेल तर बीपी साधारण ७-८ ने कमी दिसतं, खाली असेल तर तेवढंच जास्त. डाव्या कुशीवर झोपलेल्या बाईच्या वरच्या, म्हणजे उजव्या हातावर बीपी घेतात, हे मी अनेक वॉर्डांत बघतो. तो हात हृदयाच्या बराच वर असतो. मग ‘कुशीवर झोपवल्यावर बीपी आणखी पडलं’ अशी नोंद होते आणि सगळे धावतात. तिचं काही पडलेलं नसतं. बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन आलेली, पाच मिनिटं शांत, बोलणं बंद, दंडावरून ब्लाउजची बाही वर सरकवून, आणि हात टेबलावर. एक मिनिटाने पुन्हा. पहिल्या तपासणीला दोन्ही हातांवर.

आणि मशीनवर कमी आलं की एकदा डायलच्या यंत्राने, कानाला स्टेथोस्कोप लावून घ्या. हवा सेकंदाला दोन अंकांच्या वेगाने सोडा. भसकन सोडली तर वरचा आकडा हमखास खाली निसटतो. गरोदरपणात एक गंमत होते : काही बायकांमध्ये ठोके शेवटपर्यंत, अगदी शून्यापर्यंत ऐकू येत राहतात. नवीन मुलं मग ‘९०/०’ लिहितात आणि घाबरतात. अशा वेळी आवाज जिथे एकदम मंद होतो तो आकडा खालचा म्हणून लिहायचा. बाकी सगळ्यांत आवाज बंद होतो तोच.

पाठीवर उताणी झोपवून घेतलंत का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. २० आठवड्यांनंतर, आणि सातव्या महिन्यापासून तर फारच, गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतं, पायांकडचं रक्त हृदयाकडे येत नाही. सोनोग्राफीच्या टेबलावर हे नेहमी दिसतं. बाई मधेच म्हणते, डॉक्टर, मळमळतंय. वरच्या ओठावर घाम, तोंड पांढरं, मशीन ७० दाखवतं. नर्स इंजेक्शनकडे पळते. तिला डाव्या कुशीवर करा, कमरेखाली दुमडलेली चादर घाला आणि घड्याळ बघा. मिनिट-दोन मिनिटांत गाल पुन्हा रंग धरतात आणि ती स्वतःच उठून बसायला बघते. हे एवढ्याने गेलं तर ते तेवढंच होतं. कुशीवर करूनही पाच मिनिटांत आकडा आणि रंग परत येत नसेल, तर मग टेबलाचा दोष देत बसू नका.

मोजमाप पक्कं झाल्यावर वरच्या आकड्यापेक्षा मी दोन गोष्टींकडे जास्त बघतो. पहिली, वरच्या-खालच्या आकड्यांमधलं अंतर. गरोदरपणात खालचा आकडा जास्त उतरतो, म्हणून निरोगी गरोदर बाईत हे अंतर ऐसपैस असतं. तुमच्या पेशंटचं ३४ आहे. ठीक आहे. त्याच ८४ ला खालचा आकडा ७० असता तर? अंतर १४. त्याचा अर्थ वाहिन्या आवळून शरीर दाब कसाबसा सांभाळतंय. अशा बाईचे हात-पाय गार लागतात, नखावर दाबून सोडलं की गुलाबीपणा यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात. पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत ताप येऊन गेलेली गरोदर बाई अशी दिसली तर डेंग्यूचाच विचार आधी करा. त्यात ताप उतरतो, घरचे खूश होतात, आणि त्याच दिवशी रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. अंतर २० किंवा त्याहून कमी, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, एवढ्यावर गाडी बोलवा. प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट नाडी. मशीनने दाखवलेली नको, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजलेली. ९२ ही २१ आठवड्यांच्या, एचबी १०.२ असलेल्या बाईला शोभते. १२० असती तर बीपी ११०/७० असूनसुद्धा मी तिला घरी सोडलं नसतं. काही जण नाडीला वरच्या बीपीने भागून ‘शॉक इंडेक्स’ काढायला शिकले आहेत, आणि ०.९ च्या वर धोका असं त्यांच्या मनात बसलंय. तो आकडा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी उपयोगी आहे, तिथे मी तो रोज वापरतो. तुमच्या पेशंटला लावून बघा : ९२ भागिले ८४, म्हणजे जवळपास १.१. त्यावर जायचं तर तिला आत्ता रक्त चढवायला हवं! मूळचं बीपी कमी असलेल्या, पाचव्या महिन्यातल्या बाईत हे गणित उगाच घंटा वाजवतं.

आता घेरीचं. तिला दहा मिनिटं डाव्या कुशीवर आडवी ठेवा, बीपी आणि नाडी घ्या, मग उभं करा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. दोन्ही वेळा हात हृदयाच्या पातळीवर धरा, आडवी असताना तर नक्कीच, नाहीतर वर सांगितलेली चूक इथेही शिरते. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला, किंवा नाडी ३० ने उसळली आणि तिला गरगरलं, तर अंगात पाणी कमी आहे किंवा रक्त कमी होतंय, कारण शोधावंच लागेल. फारसं काही बदललं नाही तर हापशावरची अंधारी ही उन्हात, रिकाम्या पोटी, एका जागी उभं राहिल्याने आलेली असण्याची शक्यता जास्त. विचारा : सकाळी काय खाल्लं होतं, किती वेळ उभी होती, संकष्टी किंवा एखादा उपास होता का, किती खेपा केल्या. ‘जेवते ना व्यवस्थित’ ह्या उत्तरावर थांबू नका. काल रात्री ताटात काय होतं ते विचारलं की खरं बाहेर येतं.

इथवर सगळं दिलासा देणारं लिहिलं, आता उलट बाजू, कारण गरोदर बाईचं बीपी खोटं बोलतं ते बहुतेक वेळा चांगलं दिसून. तिच्या अंगात रक्ताचा साठा जास्त असतो, वय तरुण असतं, वाहिन्या आवळायची ताकद शाबूत असते. त्यामुळे एकूण रक्ताचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त जाईपर्यंत वरचा आकडा हलतसुद्धा नाही. नाडी वाढते, श्वास वाढतो, बाई अस्वस्थ होते, पाणी मागते. आकडा पडतो तो सगळ्यांत शेवटी, आणि पडायला लागला की पायरी-पायरीने पडत नाही. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असतं, त्यामुळे तिथून गळायला लागलं तर वेळ किती मिळेल याचा अंदाज करा.

शेवटची पाळी येऊन सहा-सात आठवडे झालेली, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, शौचाला बसल्यावर चक्कर येऊन पडली, खांद्याच्या टोकाला कळ जाते. बीपी १००/७०, नाडी ११८. हिला ‘लो बीपी, ॲसिडिटी’ म्हणून इंजेक्शन देऊन पाठवणारे दवाखाने अजून आहेत. गर्भनलिकेतला गर्भ फुटल्याची ही अगदी ठरलेली कहाणी आहे. पाळी चुकली नाही, थोडं अंगावरून गेलं होतं, असंही ती सांगू शकते, म्हणून लघवीची टेस्ट केल्याशिवाय तिच्या शब्दावर जाऊ नका. टेस्ट पॉझिटिव्ह आणि बाई फिकट, एवढ्यावर सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवायचं.

दुसरं चित्र नवव्या महिन्यातलं. मागच्या तपासणीला १५०/१०० होतं, गोळ्या सुरू केल्या होत्या. आज पोट दुखतं म्हणून आली आणि बीपी ११०/७०. घरचे म्हणतात, बघा, गोळ्यांनी उतरलं. पोटावर हात ठेवला तर कडक, मधे सैल पडतच नाही, हात लावू देत नाही, बाळाची हालचाल सकाळपासून कळली नाही. अंगावरून जेमतेम डाग. वार आतून सुटली आहे आणि रक्त आतच साठतंय. तिचं ११०/७० हे तिच्यासाठी लो बीपी आहे. अशा वेळी मला कार्डावरची मागची ओळ पुन्हा आठवते.

ताप आणि थंडी वाजून बीपी ९० च्या खाली, श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, बोलण्यात थोडा गोंधळ, यातलं कुठलंही दोन असलं तर जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचं धरून चालायचं. कुठे तरी गोळ्या घेऊन गर्भ पाडला का, हे एकटीला बाजूला घेऊन विचारावं लागतं. सासूसमोर खरं उत्तर येणार नाही. आधी सिझर झालेली बाई कळा देत असताना कळा अचानक थांबल्या आणि बीपी पडलं, तर वण फाटल्याची शंका. सतत उलट्या होणाऱ्या तिसऱ्या महिन्यातल्या बाईचं कमी बीपी म्हणजे पाण्याची तूट; लघवीत किटोन (उपाशी शरीरात तयार होणारा पदार्थ) बघा, आणि पाणीही पोटात टिकत नसेल तर भरती करायलाच हवी. बीपीच्या गोळ्या, लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन, चालू असलेल्या बाईला घेरी येत असेल तर डोस कोणी, कधी वाढवला ते पाहा. आणि प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध) शिरेतून एकदम ढकलू नका, त्यानेही बीपी धाडकन पडतं. स्नायूत द्या किंवा सावकाश बाटलीतून.

सलाईनबद्दल जरा मोकळं बोलतो, कारण तुमच्यावर खरा दबाव त्याचा आहे. ५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण १०० कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त असतात. साध्या सलाईनचाही जेमतेम पाव-एक तृतीयांश भाग तासाभराने रक्तवाहिन्यांत उरतो. वाहिन्या सैल असल्यामुळे उतरलेला दाब ह्याने वर येत नाही, आणि आला तरी संध्याकाळी पुन्हा तिथेच. बाईला बरं वाटतं ते तासभर पंख्याखाली आडवं पडायला मिळाल्यामुळे, आणि घरात त्या दिवशी तिला कोणी काम सांगत नाही म्हणून. याचं मोल मी कमी समजत नाही! पण त्यासाठी सुई टोचायची गरज नाही.

आणि कधी कधी सलाईन जीवावर बेततं. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप आखडलेली बाई आपल्याकडे अजून भेटते. तिचं बीपी कमीच असतं, दम लागतो, रात्री उशी उंच घ्यावी लागते, खोकला येतो. तिला ‘अशक्तपणा’ म्हणून भराभर दोन बाटल्या लावल्या तर फुप्फुसांत पाणी भरतं. एचबी सहाच्या खाली गेलेल्या बाईचंही तसंच. म्हणून बाटली लावण्याआधी तिला सरळ आडवी झोपवून दम लागतो का बघा, छाती ऐका, डोळ्यांच्या खालच्या पापणीचा आतला भाग बघा. रक्तस्राव किंवा उलट्या-जुलाब असतील तर मात्र हात आखडता घेऊ नका. तिथे जाड सुई, बाटली आणि १०८ एकाच वेळी.

सासूबाईंना नाही म्हणताना हातात काहीतरी द्यावं लागतं. मी त्यांच्यासमोरच टेप घेऊन सुनेचा दंड मोजतो आणि सांगतो, मावशी, हे २३ असायला हवं, हिचं २१ आहे, बाटलीने हे भरत नाही. रक्त कमी असणं आणि बीपी कमी असणं लोकांच्या डोक्यात एकच असतं, त्यामुळे दोन्ही वेगवेगळं समजवायला दोन मिनिटं लागतात. ती द्या.

कारण तुमच्या पेशंटची खरी काळजी मला त्या टेपवर दिसते. कमी बीपी असणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची निघतात असं पूर्वी वाटायचं. २००१ साली अमेरिकेतल्या हजारो गरोदर बायकांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा आईचं वजन आणि इतर गोष्टी हिशेबात धरल्यावर तो संबंध जवळपास विरून गेला. बारीक बाईचं बीपी कमी असतं आणि बाळही लहान असतं. बीपीने बाळ लहान होत नाही. ४३ किलोच्या बाईचं पुढच्या चार महिन्यांत वजन किती वाढतं, याचा पाठपुरावा बीपीपेक्षा जास्त करायला हवा. एचबी १०.२ म्हणजे सौम्य पंडुरोग, तेव्हा लोह-फॉलिक ॲसिडची गोळी रोज एकऐवजी दोन, महिन्याने पुन्हा एचबी. कॅल्शियम त्याच वेळी नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. चहाबरोबर तर अजिबात नको. अंगणवाडीचा घरपोच आहार येतो का, आणि येत असेल तर तो तिच्या पोटात जातो की घरभर वाटला जातो, हे आशाताईंना सांगून ठेवा.

गरगरण्यासाठी : उठण्याआधी कुशीवर होऊन, बसून, पाय हलवून मग उभं राहणं. सकाळी खाटेवरून उतरण्याआधी दोन पेले पाणी. हे साधं वाटतं, पण एकदम प्यायलेलं पाणी अर्धा-पाऊण तास दाब थोडा वर धरतं. थोडं थोडं चार-पाच वेळा खाणं. फार गरम पाण्याने अंघोळ नको. रांगेत उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहणं, आणि अंधारी यायला लागली की लाज न बाळगता तिथेच खाली बसणं, हांडा डोक्यावर असताना तर आधी हांडा उतरवणं. लिंबू-मीठ-साखर पाणी प्यायला हरकत नाही, जेवणात नेहमीचं मीठ चालू द्या. मुद्दाम मिठाचे खडे चघळायला लावू नका. बीपी वाढवायची गोळी अशा बाईला लागत नाही, आणि दुकानातून आणून तर नकोच.

मग रेफर करायचं का? तुम्ही सांगितलंय तेवढंच असेल, लहान कफने किंवा डायलने पुन्हा घेतल्यावर नव्वदीच्या आसपास येत असेल, आडवं-उभं करून फारसा फरक पडत नसेल, बाळाचे ठोके नीट असतील, तर आज गाडी लागत नाही. येत्या ९ तारखेला पीएमएसएमएच्या (प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या) तपासणीला डॉक्टरांना दाखवा, एकदा हृदय ऐकून घ्या, आणि दोन आठवड्यांनी उपकेंद्रात परत बोलवा. डॉक्टरांनी फोनवर रेफर म्हटलं यात त्यांचं चुकलं नाही. फोनवर त्यांना फक्त ८४/५० ऐकू आलं. पुढच्या वेळी फोन करताना ‘बीपी ८४/५०, नऊ आठवड्यांना ९६/६०, नाडी ९२ बोटांनी मोजलेली, हात-पाय कोमट, उभं केल्यावर ८२/५२, दुखणं नाही, अंगावरून जाणं नाही’ असं एका दमात सांगा. पलीकडून वेगळं उत्तर येईल. यातलं एकही उत्तर बिघडलेलं असेल, म्हणजे शुद्ध हरपून पडली, पोटात कळ, अंगावरून लाल, ताप, दम, बाळाची हालचाल कमी, तर मात्र आकडा काहीही असो, १०२ किंवा १०८.

जाता जाता सातव्या महिन्यानंतरचं. ८४/५० वाली ही बाई ३४ व्या आठवड्यात १२६/८४ घेऊन आली तर रजिस्टरमध्ये ते नॉर्मलच्या रकान्यात जाईल. मूळ दाबापेक्षा वरचा आकडा ३० किंवा खालचा १५ ने वाढला की प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला वाढत्या बीपीचा धोकादायक आजार) म्हणायचं, असा निकष एकेकाळी होता. २००० च्या सुमारास तो निदानातून काढला, कारण तेवढ्याने बहुतेक बायकांना काही होत नाही. पण अशा बाईची लघवी त्याच दिवशी तपासावी, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, बरगडीखाली दुखतं का विचारावं, आणि महिन्याऐवजी आठवड्याने बोलवावं, एवढं मी करतो. हे करता यावं म्हणून आजच्या ओळीत ‘बीपी लो’ असं लिहू नका. आकडा लिहा, आणि शेजारी बारीक अक्षरात : बसून, उजवा हात, नेहमीचा कफ, दंड २१.